गुरुवारचे शेरे

सोमवार, ४ मार्च

नवी सिस्टिम एकदाची उभी राहिली. सकाळी सात वाजता, लॅबमध्ये चिटपाखरू नसताना, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि पठ्ठ्या पहिल्या फटक्यात उठला. तीन आठवड्यांची मेहनत. टाळ्या वाजवायला अर्थातच कुणी नव्हतं. झाडणारा होता, तो म्हणाला, "मॅडम, पाय वर घ्या."

जुनी सिस्टिम काढून टाकलेली नाही. एवढी मी खुळी नाही. एकाच सर्व्हरवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यात, पण एका वेळी जागी एकच. सर्व्हर सुरू होताना कुठलीला उठवायचं ते मी ठरवते. नवीने दगा दिला तर दहा मिनिटांत जुनीवर परत. हे लॅबच्या मोठ्या मॅडमना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझाच तुझ्या कामावर विश्वास नाही?" यापुढे काहीही समजावून सांगायचं नाही.

दुपारी कळलं की स्लाइड स्कॅन करायचं यंत्र नव्या सिस्टिमला ओळखच दाखवत नाही. जुनीशी मात्र गुण्यागोविंदाने बोलतं. माझ्या नशिबात एक दिवसही सुखाचा नाही.

मंगळवार, ५ मार्च

यंत्राच्या कंपनीत फोन. सव्वीस मिनिटं संगीत ऐकलं, मग एक गोड आवाजाचा माणूस म्हणाला, "नव्या सिस्टिमसाठीचं सॉफ्टवेअर पुढच्या आठवड्यात देतो." मी विचारलं, "कुठल्या महिन्यातल्या?" तो हसला. मी विनोद केला नव्हता.

तोडगा काढला. आठवडाभराच्या स्लाइड एकाच दिवशी स्कॅन करायच्या. गुरुवारी सकाळी मी जुनी सिस्टिम उठवणार, शुक्रवारी सकाळी परत नवी. सॅम्पलचे नंबर, पेशंटची नावं, सगळ्या नोंदी वेगळ्या डिस्कवर आहेत आणि ती डिस्क दोन्ही सिस्टिमना सारखीच दिसते. त्यामुळे कुणाला काही फरक जाणवायचं कारण नाही. मी स्वतः तपासलंय.

शुक्रवार, ८ मार्च

काचवाला सकाळीच दारात. स्लाइड बनवतो म्हणून त्याला सगळे काचवाला म्हणतात. त्याला कामापेक्षा तक्रार जास्त आवडते. म्हणे कालच्या चार सॅम्पलवर शेरेच नाहीत. प्रत्येक नोंदीखाली डॉक्टरांच्या खास सूचना लिहायची जागा असते, 'अमुक रंग वापरा', 'आधीच्या रिपोर्टशी ताडून पाहा' वगैरे. तोच शेरा. नोंदी आहेत, शेरे कोरे.

नोंदी करतात काकू. एकोणतीस वर्षं त्याच टेबलावर आहेत. अख्खी लॅब त्यांना काकू म्हणते, मोठ्या मॅडमसुद्धा. त्या म्हणाल्या, "मी लिहिले होते गं. चारही." स्क्रीनवर दाखवलं, जागा रिकामी. चष्मा पुसून परत बघितलं. म्हणाल्या, "मग सेव्ह करायचं राहिलं असेल." असेलच. चारही डॉक्टरांना परत फोन करून त्यांनी शेरे परत लिहिले. काचवाला माझ्याकडे बघून डोळे फिरवत होता. मीही फिरवले.

मंगळवार, १२ मार्च

कंपनीचा गोड आवाज: "पुढच्या आठवड्यात."

गुरुवार, १४ मार्च

डोकं फिरायची वेळ आलीय. सकाळी जुनी सिस्टिम उठवली, सहज मागच्या गुरुवारच्या नोंदी चाळल्या, तर ते चार शेरे तिथे हजर! अगदी व्यवस्थित. आणि या सोमवारी-मंगळवारी लिहिलेले मात्र गायब.

म्हणजे काकू गुपचूप मागून भरतायत. चूक झाकायला. आणि ते करताना दुसरे पुसले जातायत. मी सरळ विचारलं, "काकू, गेल्या गुरुवारचं नंतर भरलंत का?" त्या पर्स खांद्याला तशीच ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, मी आत्ता आले. अजून बसलेसुद्धा नाही."

चूक झाली तर झाली म्हणावं, एकोणतीस वर्षांत कुणी फाशी दिली असती का? पण हा लपंडाव कशाला?

शुक्रवार, १५ मार्च

सोमवार-मंगळवारचे शेरे परत आले. कालचे मात्र, काचवाल्याला सापडले तेवढे पाच, कोरे; काकू परत डॉक्टरांना फोन करत बसल्या. मी काकूंच्या टेबलापाशी गेलेसुद्धा नाही. काही बोलले असते तर वाईट बोलले असते.

मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "तुझ्या नव्या सिस्टिममुळे तर नाही ना होत?" याच शब्दांत. तीन आठवडे जीव काढून हे ऐकायचं! मी त्यांच्यासमोर आकडे मांडले. दोन आठवड्यांत तीनशे बारा नोंदी, एकही हरवलेली नाही. सिस्टिमच खात असती तर नोंदी सोडून फक्त शेरे का खाईल? त्यांना पटलं. मग त्यांनी विचारलं, "मग काय असेल?"

मी म्हटलं, "काकूंचं वय झालंय, मॅडम. अलीकडे विसरतात."

एवढंच म्हटलं. खोटं काय त्यात? परवा मला हाक मारताना त्यांनी आधी दुसरंच नाव घेतलं होतं.

मंगळवार, १९ मार्च

काकू माझ्या खोलीत आल्या. सर्व्हरच्या खोलीत कुणी येत नाही. गारठा असतो आणि यंत्रांचा घोंघाट. दार लावून घेतलं आणि उभ्याच राहिल्या.

"तू मशीनमधली माणूस. तुला खरं माहीत असणार. मी विसरतेय का गं?"

मी म्हटलं, "थोडं होतंच काकू या वयात."

"थोडं नाही. मला शेरा लिहिल्याचं आठवतं. शब्द आठवतात. कुठल्या डॉक्टरांनी कुठल्या स्वरात सांगितलं ते आठवतं. आणि बघायला जावं तर काहीच नाही. माझ्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. न घडलेल्या गोष्टी ती अशाच खात्रीने सांगायची. शेवटची दोन वर्षं मला 'बाई, तुम्ही कोण' म्हणायची."

त्यांच्या डाव्या तळहातावर पेनाने सॅम्पलचे नंबर लिहिलेले होते. पुढे बरोबरच्या खुणा. मनगटापर्यंत.

मी म्हटलं डॉक्टरांना दाखवून घ्या, लवकर कळलेलं बरं. खरं तर मला त्यांना खोलीतून लवकर घालवायचं होतं. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कधीच कळलेलं नाही.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. म्हणाला, "लिफ्ट अडकली की लोक पहिल्यांदा हेच म्हणतात, कुणीतरी बटण चुकीचं दाबलं."

"आणि खरंच दाबलेलं असतं?"

"बटण चुकीचं दाबून लिफ्ट अडकत नाही, अगं."

त्याला प्रत्येक गोष्टीत लिफ्ट दिसते. मी विषय बदलला.

शनिवार, २३ मार्च

आज जे झालं ते लिहायलाही नको वाटतंय.

अकरा वाजता एक सर्जन लॅबमध्ये आले. ओरडत आले असते तर बरं झालं असतं. हळू बोलत होते. त्यांची पेशंट, शिवणकाम करणारी बाई, गळ्याला गाठ. सॅम्पल १४ तारखेचं. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं: तातडीचं आहे, रिपोर्ट झाला की लगेच मला कळवा. रिपोर्ट वाईट निघाला आणि बाकीच्यांबरोबर साध्या गठ्ठ्यात पडून राहिला. सॅम्पल दिल्याला नऊ दिवस झाले.

काकू उभ्या राहिल्या. "मी लिहिलं होतं. 'तातडीचं' दोनदा लिहिलं होतं."

सर्जन म्हणाले, "हो. तुम्ही मला फोनवर वाचूनही दाखवलं होतं."

सगळे स्क्रीनभोवती जमले. शेऱ्याची जागा कोरी.

म्हणजे ऐकलं, वाचून दाखवलं आणि लिहिलंच नाही? माणसाने विसरभोळं तरी किती असावं! मला त्या शिवणकामवाल्या बाईचं वाईट वाटलं आणि काकूंचा इतका राग आला की मी म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही, काकू."

त्या खाली बसल्या. खुर्ची जरा मागे होती, पडता पडता वाचल्या.

सोमवार, २५ मार्च

मोठ्या मॅडमनी काकूंच्या मुलाला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, मान खाली घालून ऐकलं, आईची पर्स आपल्या खांद्याला लावली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला. काकू दोन्ही पायांनी धडधाकट आहेत. त्यांना धरायची काय गरज होती?

महिनाभर सक्तीची रजा. मेंदूच्या डॉक्टरांकडे तपासणी. आल्यावर तळघरातल्या जुन्या फायलींचं काम.

काकूंच्या जागी बिलांच्या खिडकीवरचा माणूस आला. चपळ आहे. निदान आता हा ताप तरी संपेल.

बुधवार, २७ मार्च

कंपनी: "पुढच्या आठवड्यात." आता मी त्याच्याबरोबरच म्हणते.

गुरुवार, २८ मार्च

जुनी सिस्टिम उठवली, खिडकीवरचा करवादला. "मी काल लिहिलेले शेरे कुठे गेले?" घ्या. आता याला काय झालं? हा तर चाळिशीचाही नाही. तोंडाने बडबड, हाताने टायपिंग, दुसरं काय होणार! म्हटलं, नीट सेव्ह करत जा.

दुपारी तो जेवायला गेला असताना फोन वाजत राहिला म्हणून मीच घेतला. बालरोगतज्ज्ञ होत्या. पाच वर्षांच्या मुलीचं सॅम्पल, दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही. मी स्वतः शेरा लिहिला. सेव्ह केला. बंद करून परत उघडून बघितला, होता. असं करायचं असतं काम.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी नवी सिस्टिम उठवली. साडेनऊला काचवाला दारातून म्हणाला, "त्या लहान मुलीचा रिपोर्ट पाठवू ना? साधाच आहे, शेरा काही नाही."

मी म्हटलं, "आहे शेरा."

"नाही."

"अरे, मी लिहिलाय!"

बोलले आणि माझाच आवाज कानात राहिला. जाऊन बघितलं. जागा कोरी.

आता खरं लिहिते. पहिली पाच मिनिटं मला सिस्टिमचा संशय आलाच नाही. माझाच आला. लिहिला होता ना मी? की लिहीन म्हटलं आणि फोन ठेवला? परत उघडून बघितला होता तो हाच होता की दुसरा? काकू तीन आठवडे हे घेऊन घरी जात होत्या.

मग खोलीत येऊन बसले आणि पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. शेरे कुठे साठतात ते बघितलं. नोंदी वेगळ्या डिस्कवर आहेत, बरोबर. शेरे तिथे नाहीत. मागच्या उन्हाळ्यात ती डिस्क भरली तेव्हा शेऱ्यांचा फोल्डर उचलून सिस्टिमच्याच डिस्कवर टाकला होता. तात्पुरता. कुणी टाकला? मी. कामाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे: 'तात्पुरतं हलवलं, नंतर बघणे.'

आणि सिस्टिमच्या डिस्कवर जे असतं ते प्रत्येक सिस्टिमचं आपापलं. गुरुवारी लिहिलेला शेरा जुनीच्या पोटात. शुक्रवारी मी नवी उठवली की तो तिथेच झोपलेला. पुढच्या गुरुवारी परत हजर. कुणी पुसत नव्हतं, कुणी मागून भरत नव्हतं. मीच दर आठवड्याला दोनदा अख्ख्या लॅबच्या पायाखालची जमीन बदलत होते.

झोपलेल्या सिस्टिममध्ये डोकावायला तिला उठवावंही लागत नाही. एक ओळ टाइप करायची. मी टाइप केली. सगळे तिथे होते. काकूंचे हरवलेले सतरा. प्रत्येक फाइलवर तारीख आणि वेळ. चौदा मार्च, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं: 'तातडीचं. रिपोर्ट होताच सर्जनना फोन करणे. तातडीचं.'

दोनदा.

आठ मार्चला ही ओळ टाइप केली असती तर दोन मिनिटं लागली असती.

त्याच दिवशी, नंतर

मुलीचा रिपोर्ट थांबवला. फोल्डर वेगळ्या डिस्कवर नेला, दोन्हीकडचे शेरे जुळवले. मग मोठ्या मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं, म्हणाल्या, "तांत्रिक बिघाड होता, दूर केला, असं लिहून दे. काकूंना परत बोलावू. कोण काय म्हणालं ते उगाळत बसायला नको."

मोह झाला. लिहून ठेवते, चांगला दहा सेकंद मोह झाला. मग म्हटलं, "बिघाड नव्हता मॅडम. मी होते."

सर्जनना फोन केला. त्या बाईचं ऑपरेशन मंगळवारी झालं. मी विचारलं, "त्या नऊ दिवसांनी काही बिघडलं का?"

ते म्हणाले, "ते आता कुणालाच कळणार नाही." आणि फोन ठेवला.

शनिवार, ३० मार्च

काकूंच्या घरी गेले. तिसरा मजला. दार सुनेने उघडलं. गॅसच्या बटणाशी एक कागद चिकटवलेला: 'आई, हात लावू नका.' नळाशी एक. दाराच्या आतून एक.

सतरा शेऱ्यांचे कागद छापून नेले होते. मुलगा, सून, काकू, तिघांसमोर सगळं सांगितलं. फोल्डर, दोन सिस्टिम, गुरुवार, आणि मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये मी काय म्हटलं तेही. सांगताना मध्येच पाणी मागावं लागलं. पाणी सुनेने आणलं. काकू हलल्या नाहीत.

सून म्हणाली, "पण आई घरातही विसरायच्या! गेल्या रविवारी जेवायला बोलावलं तर आल्याच नाहीत."

"विसरले नव्हते," काकू म्हणाल्या. "तू बाळाला माझ्याकडे ठेवणं बंद केलंस. राग आला होता."

मुलगा ते सतरा कागद एकेक करून वाचत होता. एकावर थांबला आणि चष्मा काढला.

मी म्हटलं, "काकू, मला माफ करा."

"तपासणीला गेले होते," त्या म्हणाल्या. "घड्याळ काढायला सांगितलं. कागदावर. गोल, आकडे, काटे. माझा हात इतका थरथरत होता की काटा बाहेरच गेला. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. त्या कागदाचं काय करणार आहेस तू?"

मी पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला.

"इथे येऊन माझ्यासमोर बोललीस, ते ठीक. पण मला त्या खुर्चीत तू सगळ्यांसमोर बसवलंस. तिथे बोल."

निघताना जिन्यात होते तेव्हा वर दार उघडल्याचा आवाज आला, आणि सुनेचा: "आई, बाळाला घ्या जरा, मी दोरीवरचे कपडे काढून आणते." मग त्या बाळाचं खिदळणं.

सोमवार, १ एप्रिल

सकाळच्या मीटिंगमध्ये उभी राहून कागदावरून वाचलं. पहिल्या वाक्याला खिडकीवरचा हसला. तारीख बघून त्याला वाटलं मी गंमत करतेय. दुसऱ्या वाक्याला हसणं थांबलं. 'मशीन खोटं बोलत नाही असं मी म्हणाले. मशीनने काही म्हटलंच नव्हतं. मी न बघता बोलले.' हे वाक्य नवऱ्याने सुचवलं नाही, माझं आहे. पण त्याला रात्री वाचून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदाच लिफ्टबद्दल काही बोलला नाही.

काकू मागे दाराशी उभ्या होत्या. मी आधी बघितलं नव्हतं. वाचून झाल्यावर त्या आपल्या टेबलाकडे गेल्या, खिडकीवरच्याला म्हणाल्या, "ऊठ," आणि खुर्चीची उंची परत आपल्या मापाची केली.

मेंदूच्या डॉक्टरांना मी आणि मोठ्या मॅडमनी सहीचं पत्र पाठवलंय, त्या घड्याळाच्या कागदासोबत लावायला. ते लावतील की नाही, माहीत नाही.

काकू माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. कागदावर लिहून पाठवतात. 'प्रिंटर अडलाय.' आणि खाली तारीख, वेळ.

गुरुवार, ४ एप्रिल

स्लाइडचा दिवस. आता सिस्टिम कितीही वेळा बदलली तरी शेरे हलायचे नाहीत. बुधवारी सहा वेळा उलटसुलट करून तपासलंय. कुणालाही विचारायची गरज नाही.

तरी काकूंच्या टेबलापाशी गेले. "काकू, जुनी उठवू का?"

त्या टाइप करत होत्या. मान वर केली नाही. शेरा पूर्ण केला. सेव्ह केला. बंद केला, परत उघडला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग पुढचा उघडला. काचवाला लांबून ओरडला, "झालं का?" मी उभी होते. पाय दुखायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला घाई केली नाही.

शेवटी त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"हं. आता बदल."